चौदावा मीटर कोरा

वजन तळाला टेकलं तेव्हा पाइपातून ‘ठक्’ असा आवाज वर आला.

तपासनिसाने टेप दोन वीत वर ओढली आणि पुन्हा सोडली. पुन्हा ठक्. टेपवरचा आकडा होता एकतीस मीटर वीस.

तिने मांडीवरची फाइल उघडली. निरीक्षण बोअर क्रमांक सात. खोली बेचाळीस मीटर. खाली खाणीचा शिक्का आणि बोअर घेणाऱ्या वस्तादांची सही.

“किती भरली?” मागून खाणीच्या व्यवस्थापकांनी विचारलं.

“एकतीस वीस.”

“आणि कागदावर बेचाळीस.” व्यवस्थापक हसले नाहीत, पण त्यांना फारसं आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. “म्हणजे म्हाताऱ्याने आम्हाला टोपी घातली. अकरा मीटर खणलंच नाही.”

खाणीचा तरुण भूशास्त्रज्ञ शेजारी उभा होता. तो काहीच बोलला नाही.

सात नंबरच्या बोअरमधून कोणी पाणी काढत नसे. त्याचं काम एकच, जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगायचं. कोळसा कोरडा राहावा म्हणून खाण रात्रंदिवस पाणी उपसत होती. कुंपणापलीकडे चारशे मीटरवर वस्ती होती. वस्तीचं म्हणणं, तुमच्या उपशाने आमच्या विहिरी आटतायत. खाणीचं म्हणणं, आमचा संबंध नाही. म्हणून दोघांच्या मध्ये हा बोअर घेतला होता. यातलं पाणी उतरलं तर वस्ती खरी. जागेवर राहिलं तर खाण खरी.

गेले वीस आठवडे ते जागेवर होतं. सुनावणी उद्या सकाळी अकरा वाजता होती.

“उद्या मी समितीपुढे हेच ठेवणार,” व्यवस्थापक म्हणाले. “वस्तादाचा परवाना रद्द करा, दुसरा माणूस आणा, नवा बोअर घ्या. सहा महिने लागतील. लागू देत.”

“मला आजचा दिवस हवाय.”

“घ्या की. खोली काही वाढायची नाही.”

ते जीपकडे गेले. तपासनीस पाइपाच्या तोंडाशी तशीच बसून राहिली. कोळसा आणि काळा दगड दाताखाली ओळखायला तिला याच वस्तादांनी शिकवलं होतं, तिच्या पहिल्या नोकरीत. पस्तीस वर्षं बोअर घेणाऱ्या माणसाचा परवाना उद्या जाणार होता. आणि त्यासाठी लागणारा आकडा तिने स्वतःच्या हाताने काढला होता.

*

“बादलीभर पाणी मिळेल?” तिने भूशास्त्रज्ञाला विचारलं.

तो पंपघराकडे गेला. पंपघराचं जोतं एका कोपऱ्यात फुटलं होतं. भरली बादली घेऊन उतरताना तो तिथे अडखळला. “किती महिने सांगतोय, हे नीट करा म्हणून,” तो पुटपुटला. “कोणाच्या कानावर जात नाही.”

तोवर तिने पाण्याची पातळी मोजली होती. जमिनीपासून सोळा मीटर आठ सेंटिमीटर. मग लांब नळकांडं सोडून पाण्याचा नमुना वर काढला. चिमटीत घेतला. बोटं साबण लावल्यासारखी घसरली. क्षार मोजायचा मीटर बुडवला. चांगल्या पाण्याचा आकडा सातच्या आसपास असतो. हा अकरा पूर्णांक आठवर जाऊन थांबला.

“हे काय आहे?” भूशास्त्रज्ञ वाकला.

“तुम्हीच सांगा.”

“एवढं क्षारीय पाणी इथे कुठेच नाही. उलट कोळशाजवळचं आंबट असतं.”

“ओता बादली.”

दहा लीटर पाणी पाइपात गेलं. पातळी चढून चौदा एक्याऐंशीवर आली. जिवंत बोअरमध्ये असं ओतलेलं पाणी काही मिनिटांत आजूबाजूच्या थरात जिरतं. त्यांनी अर्धा तास वाट पाहिली. चौदा एक्याऐंशी.

शेवटी तिने पिशवीतून आरसा काढला आणि ऊन पाइपात सोडलं. पाण्यापर्यंतची भिंत लख्ख होती. ना शिंतोडा, ना ओघळ.

“तुम्ही त्या वेळी हजर होतात ना? खणताना?”

“सगळा वेळ. चौदा रॉड गेले खाली, तीन-तीन मीटरचे. मी स्वतः मोजले. प्रत्येक मीटरचा चुरा पिशवीत भरून ठेवलाय.”

“पिशव्या दाखवा.”

गोदामात बेचाळीस पिशव्या ओळीने होत्या. चौतीस ते अडतीस कोळसा. त्या कोळशाच्या थरासमोरच फटींचा पाइप बसवला होता, पाणी आत यायला. तिने पस्तिसाव्या पिशवीतली चिमूट दाताखाली धरली. करकर नाही. कोळसाच.

“मग साहेबांसमोर गप्प का बसलात?”

भूशास्त्रज्ञाने पिशवीची गाठ पुन्हा बांधली. “पिशव्या दुसऱ्या बोअरच्याही असू शकतात, असं ते म्हणाले. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, बाई.”

“बोअरच्या झाकणाच्या चाव्या किती?”

“दोन. एक माझ्याकडे, एक पातळी मोजणाऱ्या टेपवाल्याकडे. वस्तादांनी त्यांची चावी काम संपल्या दिवशीच परत केली, सहीनिशी.”

“तुमची कायम तुमच्याकडेच?”

“सुरुवातीला महिनाभर नव्हती. बोअर झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला कावीळ झाली. घरी पडून होतो. चावी साहेबांच्या टेबलाच्या खणात ठेवली होती.”

तपासनिसाने वहीत लिहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “माझ्याकडे एक जुना बोअर बंद करायचाय. सिमेंट कसं भरू?”

“पातळ कालवायचं आणि ओतायचं वरून. फनेल लावलं की झालं.”

“बरं.”

*

टेपवाला पंपघरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसत असे. चाळिशीचा, किडकिडीत. उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं एक बोट, एवढंच होतं. त्या दोन बोटांत त्याने पेन इतकं घट्ट धरलं होतं की ते हिसकावूनही निघालं नसतं.

“बसा बाई. चहा सांगू?”

“नको. नोंदवही दाखवा.”

वही नीटनेटकी होती. दर मंगळवारी एक आकडा. पहिला आठवडा बारा दहा. दुसरा बारा शेहेचाळीस. तिसरा बारा त्र्याण्णव. चौथा तेरा एक्केचाळीस. मग तेरा चाळीस, तेरा बेचाळीस, तेरा एक्केचाळीस, आणि असंच खाली, गेल्या मंगळवारपर्यंत.

“गेल्या मंगळवारी तेरा एक्केचाळीस?”

“हो.”

“आज सोळा आठ होतं.”

पेन थांबलं. “असेल. तीन दिवसांत उतरलं असेल.”

“टेप कुठली वापरता?”

त्याने खुंटीवरची पोलादी टेप काढून दिली. जुनी पद्धत. टेपच्या टोकाचा एक मीटर खडूने माखायचा, पाण्यात सोडायचा, आणि ओली रेघ किती चढली ते बघायचं.

“कसं मोजता, दाखवा ना. मला बीप वाजणाऱ्या यंत्राची सवय लागलीय.”

“सोपं आहे. पाणी तेरा आणि चौदाच्या मध्ये असेल, तर चौदाची खूण पाइपाच्या काठावर अंगठ्याने दाबून धरायची. खाली जितकं भिजलं तितकं चौदातून वजा.” तो खुलला. “पण अंगठा हलता कामा नये. मामा म्हणायचे, अंगठा हलला की विहीर हलली.”

“मामा?”

“वस्ताद. सख्खे मामा माझे. पंधरा वर्षं त्यांच्या रिगवर होतो. मग हे झालं.” त्याने हात उचलून दाखवला. “रॉड आणि पकडीच्या मध्ये सापडला. मामांनीच साहेबांना शब्द टाकून इथे चिकटवलं. बसून करायचं काम.”

तपासनीस टेप उलगडत होती. निळ्या खडूने टोक माखलं होतं, ते ठीकच. त्याशिवाय आठ, नऊ, दहा आणि अकरा मीटरच्या खुणांवर निळ्या अंगठ्यांचे ठसे होते, एकावर एक. पुढे पट्टी स्वच्छ होती. तिने शेवटपर्यंत पाहिली आणि गुंडाळून परत दिली.

“बोअर अर्धवटच खणला, असं साहेब म्हणतायत. तुमच्या मामांनी फसवलं म्हणून.”

त्याने मान खाली घातली. “मामा असं करणार नाहीत.”

“मग अकरा मीटर गेले कुठे?”

“मी पातळी मोजतो, बाई. तळ कोण मोजतो?”

“खरंय. एक विचारायचं होतं. मला एक जुना बोअर सिमेंटने बंद करायचाय. कसं करू?”

हे विचारल्यावर त्याचं अंग थोडं सैल झालं. कामाचं बोलणं होतं. “वरून ओतू नका. पाण्यातून खाली जाताना सिमेंट वेगळं होतं, रेती व्हावी तसं. भिंतीही माखतात. बारीक नळी तळापर्यंत सोडायची, वीतभर वर धरायची आणि नळीतून स्लरी सोडायची. खालून भरत येईल तशी नळी वर ओढायची.”

“चांगलं शिकवलंय मामांनी.”

त्याने टेप पुन्हा खुंटीला अडकवली.

*

तिसरा जबाब व्यवस्थापकांचा. त्यांच्या टेबलावरची काच इतकी पुसलेली होती की तिला स्वतःचे थकलेले डोळे दिसले.

“भूशास्त्रज्ञ आजारी होता तेव्हा चावी तुमच्याकडे होती.”

“खणात होती. मी काय बोअर उघडून बसणार?”

“पाणी चौथ्या आठवड्यापर्यंत उतरत होतं. मग अचानक थांबलं. तुम्हाला नवल नाही वाटलं?”

“मला बरं वाटलं, बाई. तीनशे माणसं आहेत माझ्याकडे.”

“बोअर बंद करायला सिमेंट कसं भरतात, माहीत आहे?”

“त्याला माणसं आहेत. मी दौत-टाकवाला माणूस.”

बाहेर पडताना ती गोदामात पुन्हा डोकावली. गोदामपालाला तिने एकच मागितलं, सिमेंटच्या चिठ्ठ्यांचं बुक. वीस आठवड्यांपूर्वीचं पान तिने नकलून घेतलं.

*

दुपार कलली तेव्हा वस्ताद आले. दोन बस बदलून. पंपघराच्या फुटक्या जोत्यावर त्यांनी पंचा पसरला आणि टेकले.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला खोली विचारली.”

“वस्ताद, चौदा रॉड गेले होते. चुरा मी चाखला.”

“मग?”

“आत कोणीतरी सिमेंट भरलंय. पाण्याचा क्षार अकराच्या वर आहे.”

वस्तादांनी भुवया वर केल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका आली आणि मागोमाग चीड. “कुठल्या गाढवाने?”

“तुम्ही भरलं असतं तर कसं भरलं असतं?”

“नळीने. आणि दर पाच पोत्यांमागे अर्धं पोतं फुगणारी माती. नुसतं सिमेंट सुकताना आकसतं. कडेला केसाएवढी फट राहते, तिच्यातून पाणी झिरपत राहतं. ती माती फुगून फट बुजवते. तळ वाजतो कसा?”

“ठक्.”

“माती असती तर थप् वाजला असता. नुसतं सिमेंट आहे. अडाण्याचं काम.” मग त्यांनी विचारलं, “पाइपाच्या भिंती माखल्यात?”

“नाही. आरसा टाकून पाहिलं. स्वच्छ आहेत.”

वस्ताद उठले. त्यांनी पंचाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“वस्ताद?”

“परतीची बस साडेपाचची ना?” ते म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. “नको. आज इथेच राहतो. भाच्याकडे.”

*

सकाळी आठ वाजता तिने पातळी पुन्हा मोजली. चौदा त्र्याऐंशी. एका दिवसात दोन सेंटिमीटर.

ती वहीत भागाकार करत होती, तेवढ्यात समोर सावली पडली. वस्तादांचे डोळे तांबारलेले होते.

“पोरी,” ते म्हणाले. कामावर त्यांनी तिला ही हाक कधीच मारली नव्हती. “माझं नाव लिही.”

“काय?”

“लिही, की वस्तादाने एकतीसच खणला. माझं वय झालंय. परवाना गेला तर गेला, दोन वर्षांत तसाही सोडणारच होतो.”

“तुम्ही बेचाळीस खणलाय.”

“मला माहीत आहे. तुला माहीत आहे. बास झालं.”

“कोणाला वाचवताय, वस्ताद?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “त्या दिवशी पकड मी सैल सोडली होती. त्याची चूक नव्हती. तीन बोटं गेली त्याची, आणि त्याने आजवर कोणाला सांगितलं नाही, की मामाचा हात चुकला.”

तपासनिसाने वही मिटली.

“मी तुमच्याकडून शिकले ते एवढंच,” ती म्हणाली, “की पिशवीवर तोच आकडा लिहायचा, ज्या मीटरचा चुरा आत आहे.”

*

सुनावणी खाणीच्याच सभागृहात होती. समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. त्या कमी बोलत आणि जास्त लिहीत. समोर व्यवस्थापक, भूशास्त्रज्ञ, टेपवाला. भिंतीशी वस्ताद उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

व्यवस्थापकांनी आपलं म्हणणं मांडलं. मग अध्यक्षांनी तपासनिसाकडे पाहिलं.

“बोअर बेचाळीस मीटरच खणला गेला होता,” तिने सुरुवात केली. “कोळसा चौतिसाव्या मीटरला लागतो आणि त्याचा चुरा हजर आहे. खालचे अकरा मीटर नंतर भरले. पाणी साबणासारखं झालंय, कारण ते सिमेंटवर साचून राहिलंय. त्यात बाहेरचं पाणी येत नाही. बादली ओतली तर जातही नाही. कोळशाच्या थराकडे उघडणाऱ्या फटी सगळ्या बुजल्या. आपण वीस आठवडे एका बंद बाटलीतली पातळी वाचत होतो.”

“वीस आठवडे कशावरून?”

“भरणाऱ्याने नुसतं सिमेंट वापरलं. ते आकसलं आणि कडेने केसाएवढी फट राहिली. तिच्यातून पाणी दिवसाला साधारण दोन सेंटिमीटर झिरपतं, हे मी काल-आज मोजलं. चौथ्या आठवड्यात पातळी तेरा एक्केचाळीस होती. काल सोळा आठ. फरक दोनशे सदुसष्ट सेंटिमीटर. दिवसाला दोनने भागा. एकशे चौतीस दिवस, अंदाजे. म्हणजे एकोणीस-वीस आठवडे. तेव्हा वस्ताद इथून पाच तासांवर दुसऱ्या कामावर होते आणि त्यांची चावी जमा होती.”

व्यवस्थापक खुर्चीत सावरून बसले. “मग भूशास्त्रज्ञाला विचारा. चावी त्याची.”

“तो आजारी होता. चावी तुमच्या खणात होती. पण तुम्हाला ती वापरायची गरजच पडली नाही.” तिने वहीचं पान उलटलं. “चौथ्या आठवड्यानंतरचे सगळे आकडे खोटे आहेत. पाणी रोज दोन सेंटिमीटर उतरत असताना वहीत तेरा चाळीस, तेरा बेचाळीस. आळशी माणूस मागचाच आकडा पुन्हा लिहितो. हा आकडा एक-दोन सेंटिमीटर वरखाली हलवलाय, जिवंत वाटावा म्हणून. लिहिणाऱ्याला माहीत होतं, की बोअर मेलाय.”

सगळ्यांच्या नजरा टेपवाल्याकडे वळल्या.

“गुडघा दुखतो माझा,” तो म्हणाला. “जायचा कंटाळा केला. तेवढाच गुन्हा.”

“मीही तसंच समजायला तयार होते. पण पाइपाच्या भिंती स्वच्छ आहेत. वरून ओतलेलं सिमेंट भिंती माखत गेलं असतं. हे नळीने भरलंय, तळापासून वर. काल मी तिघांना विचारलं, बोअर कसा बंद करायचा. एकाने सांगितलं, फनेल लावून वरून ओता. दुसऱ्यांना माहीतच नव्हतं. नळीची रीत फक्त तुम्ही सांगितली. वस्तादही तीच वापरतात, पण ते फुगणाऱ्या मातीशिवाय सिमेंटला हात लावत नाहीत. ती माती खाणीच्या गोदामात नसते. सिमेंट असतं.”

तिने नकललेलं पान टेबलावर ठेवलं.

“चार पोती. कारण लिहिलंय, पंपघराच्या जोत्याची दुरुस्ती. जोतं आजही फुटकं आहे. चिठ्ठीवर सही व्यवस्थापकांची.”

“याने चोरली असतील,” व्यवस्थापक म्हणाले. “मी रोज पन्नास चिठ्ठ्यांवर सह्या करतो.”

टेपवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“साहेब, तुम्ही स्वतः पोती मोजून दिलीत. रविवारी, पाळी नसताना.” त्याचा आवाज चढला नाही. “बोलावून म्हणालात, पाणी असंच उतरत राहिलं तर पंप बंद करायला लावतील. पंप बंद तर खाण बंद. मग दोन बोटांच्या माणसाला कोण कामावर ठेवतो बघू.”

“मूर्खासारखं बोलू नकोस.”

“मी भरलं, बाई. पाणी वर चढलं, ते उपसून तेरा एक्केचाळीसवर आणून ठेवलं. मामांचं नाव येईल असं स्वप्नातही नव्हतं. तळ कोणी मोजत नाही. या धंद्यात कोणीच मोजत नाही.”

वस्ताद भिंतीला टेकले.

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. “वस्तादांच्या परवान्याचा प्रश्न संपला. या दोघांचा जबाब पोलीस घेतील. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. चार आठवडे पाणी उतरल्याने काही ठरत नाही. ते उन्हाळ्यानेही उतरतं. पुढचे वीस आठवडे आपल्याकडे कोरे आहेत. नवा बोअर, नवी मोजणी, सहा महिने.”

व्यवस्थापकांनी पाण्याचा ग्लास उचलला. त्यांचा हात स्थिर होता.

“एक राहिलंय,” तपासनीस म्हणाली. ती टेपवाल्याकडे वळली. “पातळी तेरा आणि चौदाच्या मध्ये असली की टेप चौदावर धरायची. बरोबर? तुमच्या टेपवर चौदावा मीटर कोरा आहे. पुसला गेला असेल म्हणावं, तर आठ, नऊ, दहा, अकरावर खडूचे अंगठे आहेत. ताजे. सात नंबरच्या बोअरवर तुम्ही जात नव्हतात. मग दर मंगळवारी ही टेप कुठल्या विहिरीत सोडत होतात?”

त्याने हात मांडीखाली लपवला. पहिल्यांदाच तो लाजल्यासारखा दिसला.

“घरच्या,” तो म्हणाला.

“का?”

“काय माहीत. मंगळवार आला की चैन पडायचं नाही.”

*

घर कुंपणाच्या पलीकडे पहिलंच होतं. पुढे विहीर, काठावर उलटी ठेवलेली बादली. त्याची बायको दारात उभी होती. दोन जीपगाड्या आणि एवढी माणसं बघून तिने काहीच विचारलं नाही.

“कपाट उघड,” तो म्हणाला.

“कुठलं?”

“कपड्यांचं. डावं दार.”

दाराच्या आतल्या बाजूला निळ्या खडूने आकडे लिहिले होते. तारीख, पातळी, तारीख, पातळी. वीस ओळी, एकाखाली एक, सगळी अक्षरं सारख्या उंचीची. ओल्या कपड्यांनी पुसलं जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागद ठोकलेला.

“मला म्हणाले होते, घरातलं काही आहे, हात लावू नकोस,” बायको हळूच म्हणाली. “आता तर दोर पुरत नाही आम्हाला. नवीन घ्यावा लागला.”

भूशास्त्रज्ञ ओळींवरून बोट फिरवत होता. “एकदा तीन आठवडे जवळजवळ थांबलंय. बघा. साडेआठजवळ.”

“ते तीन आठवडे मोठा पंप बंद होता,” तपासनीस म्हणाली. “दुरुस्तीला. तारखा मी काल तुमच्याच पंपाच्या नोंदींत पाहिल्या.”

उन्हाळ्याला पंपाची दुरुस्ती कळत नाही, हे अध्यक्षांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी व्यवस्थापकांना शोधलं. ते अंगणातच थांबले होते, जीपच्या दाराला हात लावून.

“वहीत उतरवून घ्या सगळं,” अध्यक्ष म्हणाल्या. “दारासकट जप्त करायचं आहे, पण आधी उतरवून घ्या.”

तपासनिसाने वही उघडली. वस्ताद पुढे झाले. चष्मा सापडेना तेव्हा तसेच दाराजवळ वाकले आणि वाचू लागले. सात चौतीस. सात सत्तावन्न. सात एक्क्याऐंशी. त्यांचा आवाज खणताना मीटर पुकारायचा तसा, सपाट. भाचा खाटेच्या कडेला बसला होता, दारात पोलीस. तो वर बघत नव्हता.

आठ बारा. आठ एकोणपन्नास. आठ पन्नास.

“एकही मंगळवार चुकवला नाहीस,” वस्ताद मध्येच म्हणाले.

मग त्यांनी ओळीवर बोट ठेवून पुढे वाचलं. शेवटच्या ओळीपाशी डोळे बारीक केले.

“दहा सत्तर.”

“शहात्तर, मामा,” खाली बघतच भाचा म्हणाला. “दहा शहात्तर.”

तपासनिसाने सत्तर खोडून शहात्तर लिहिलं.